सायकलची हवा रात्रीत जाते, पंक्चर मात्र सापडत नाही! (वॉल्व्ह, ट्यूब, काटे वगैरे)

कंबरतळं | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, सायकलवाल्यांची मदत हवी आहे. घरात दोन सायकली आहेत आणि दोघींनी मिळून मला वेड लावलंय.

पहिली लेकीची. ती आठवीत आहे, शाळा-क्लास सगळं विजापूर रोडनं सायकलवरच. २६ इंची चाकांची गिअरवाली, दिवाळीत घेतलेली. गेल्या तीन आठवड्यांत मागचं चाक तीनदा पंक्चर. पहिल्यांदा दुकानदार म्हणाला काटा होता, काढला. दुसऱ्यांदा म्हणाला ट्यूबच बाद, नवी टाका. टाकली. नवी ट्यूब चौथ्या दिवशी बसली. आता म्हणतो टायर बदला. अहो, टायरवरची रबराची केसं अजून झिजली नाहीत!

दुसरी माझ्या सासऱ्यांची. काळी, चोवीस इंची, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. पहाटे सिद्धेश्वराला जातात तिच्यावरून. रात्री हवा भरली की सकाळी चाक टेकलेलं. ट्यूब काढून पाण्यात धरली, एक बुडबुडा नाही. दुकानातही धरली, तिथंही नाही. मामा म्हणतात, सायकलला दृष्ट लागली.

शिवाय एकीचा पंप दुसरीला बसत नाही, तो वैताग वेगळाच.

---

बे_सोलापूरकर | सोमवार, रात्री १०:०५

ताई, शेजारचं पोरगं हवा सोडायलंय बघा. आम्ही लहानपणी लई सोडलीय. दृष्ट वगैरे काही नाही, एक दिवस गच्चीवरून नजर ठेवा.

---

७००बाय३२ | सोमवार, रात्री १०:३०

ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकात एक मिसळू नका. सासऱ्यांच्या सायकलबद्दल इथले जुने लोक माझ्यापेक्षा नीट सांगतील. लेकीच्या सायकलबद्दल मात्र आधी चार गोष्टी सांगा:

ट्यूबला भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे? ते टायरच्या बाजूला आहे की रिमच्या? एकच आहे की शेजारी शेजारी दोन? आणि दुकानदारानं टायरच्या आतून हात फिरवला होता का?

जुनी ट्यूब फेकली नसेल तर फेकू नका. पंक्चर झालेली ट्यूब म्हणजे पंचनामा असतो. कुठं, कशानं, कोणत्या बाजूनं, सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. आपण ते न वाचता ठिगळ मारतो आणि मग चौथ्या दिवशी नशिबाला बोल लावतो.

---

चोवीस_इंची | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, मामांना सांगा दृष्ट नाही, वॉलट्यूब गेली आहे.

मी गिरणीत होतो. तिसऱ्या पाळीला रात्री निघायचो आणि खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर वॉलट्यूबचा दोन इंच तुकडा कायम असायचा. त्या सायकलच्या वॉल्व्हमध्ये एक पितळी पिन असते. पिनेच्या कडेला बारीक छिद्र, आणि त्यावर गांडुळाएवढी रबरी नळी चढवलेली असते. पंपाची हवा त्या छिद्रातून रबर उचलून आत जाते, परत यायला लागली की रबर छिद्रावर घट्ट बसतं. बस, एवढंच यंत्र. रबर वाळलं, चिरलं किंवा पिनेवर सैल झालं की हवा सूं सूं करत रात्रभर निघून जाते.

पाण्यात बुडबुडा का दिसला नाही? कारण ट्यूब बुडवताना आपण वॉल्व्हच हातात धरतो, तो पाण्याबाहेर राहतो. दुकानातला पोरगाही तेच करतो. ट्यूब काढायचीच नव्हती. चाक जागेवर असू द्या, हवा भरा, बोटावर थुंकी घ्या आणि वॉल्व्हच्या तोंडावर लावा. फुगा आला की चोर सापडला. (सुनेला थुंकी सांगितली म्हणून मामा रागावले तर साबणाचा फेस चालतो.)

बदलायची कशी: वरचा नट सोडा, पिन ओढून काढा, जुनं रबर नखानं सोलून टाका. पिनेवर रबराचे कण चिकटून राहतात ते फडक्यानं पुसा, नाहीतर नवी नळीही गळते. नवा तुकडा ओला करून पिनेवर चढवा, छिद्राच्या पुढं जाऊन जाड भागाला टेकला पाहिजे. पिन परत बसवताना तिरकी ढकलू नका, रबर दुमडतं. नट हातानंच आवळा, पक्कड लावू नका. आणि चढत नाही म्हणून तेल कधी लावू नका. तेलानं रबर फुगतं, आठ दिवसांत परत पहिले पाढे पंचावन्न.

सोलापूरच्या उन्हात वॉलट्यूब वर्षभर टिकली तर नशीब समजा. दर पाडव्याला बदलून टाका, म्हणजे लक्षात राहतं.

---

कंबरतळं | मंगळवार, रात्री ८:४०

काका, दंडवत! पिनेवरचं रबर काढलं तर हातातच त्याचे तीन तुकडे झाले. नवी वॉलट्यूब चिल्लर पैशांत आली. सकाळी भरलेली हवा आत्तापर्यंत जशीच्या तशी आहे. मामांनी तीन वेळा अंगठा दाबून पाहिला, बोलले काही नाहीत, पण चहा जास्त घेतला.

एक शंका. पंप मारताना एवढी ताकद का लागते? लेकीच्या सायकलला तर इतका जोर पडत नाही.

लेकीच्या ट्यूबा सापडल्या, दोन्ही घरातच होत्या. उद्या दुपारी बघते.

---

७००बाय३२ | मंगळवार, रात्री ९:३०

काकांनी सांगितलं तेच कारण. पंपाच्या हवेला आधी ते आवळून बसलेलं रबर उचलावं लागतं, मग आत शिरता येतं. नवी वॉलट्यूब जास्त घट्ट, म्हणून जास्त जोर. दुसरी अडचण अशी की या वॉल्व्हवर आतला दाब मापकानं नीट मोजता येत नाही, कारण रबर हवेला बाहेर येऊच देत नाही. आतल्या रबराऐवजी छोटी गोळी असलेल्या पिनाही मिळतात, त्यात पंप हलका चालतो.

लेकीच्या सायकलचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे ना, जाड आणि आत टोचणारी सुई? त्याला श्रेडर म्हणतात. आत स्प्रिंग असते. सुई दाबली की उघडतो, सोडली की बंद. फायदा हा की पेट्रोल पंपावर कुठंही हवा मिळते. तोटा असा की सुईच्या खाली कचरा बसला की हवा हळूहळू गळते. म्हणून ती काळी प्लास्टिकची टोपी शोभेची नाही. हवा ती अडवत नाही, धूळ अडवते, आणि आपल्याकडं धुळीला तोटा नाही. हवा गळत असेल तर आतला गाभा सैल झालाय का बघा. तो फिरवायची छोटी चावी मिळते, काही टोप्यांच्या टोकालाच ती खाच असते. पाव फेरा आवळला की बऱ्याचदा काम होतं.

तिसरा प्रकार म्हणजे माझ्या सायकलचा, बारीक, लांब, प्रेस्टा. त्याची टोकाची इवलीशी नट आधी सोडायची, एकदा बोटानं टिचकी मारून फूस करायची (चिकटलेला असतो), मग पंप सरळ लावायचा, आणि भरून झालं की नट परत आवळायची. नव्या माणसाची पहिली चूक म्हणजे नट न सोडताच पंप मारत बसणं. माझीही तीच होती. केगावपर्यंत गेलो होतो त्या दिवशी, ट्यूबच्या नावानं शिव्या घालत.

गंमत म्हणून सांगतो, हवेची रबरी धाव ज्यानं चालती केली तो जॉन डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता. बेलफास्टला असायचा, पोराच्या तीनचाकीला आदळे बसतात म्हणून त्यानं खटपट केली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. मामांच्या सायकलचा वॉल्व्ह आजही जगभर त्याच्याच नावानं ओळखला जातो.

---

मागवाला | मंगळवार, रात्री ११:२०

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हे खरं का? आमच्या गाळ्यावरचे सगळे कामगार मार्च लागला की हवा कमी करतात. उन्हानं टायर फुटतो म्हणतात.

---

७००बाय३२ | बुधवार, सकाळी ७:१०

गणित करू. सकाळी २५ अंशांना ४० पौंड हवा भरली आणि उन्हात टायर ५५ अंशांपर्यंत तापला, तर दाब वाढतो साधारण साडेपाच पौंडांनी. ४० चे साडेपंचेचाळीस. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त किती चालते ते छापलेलं असतं, लेकीच्या टायरवर बहुतेक ६० च्या पुढचा आकडा असेल. म्हणजे धाकधूक करण्यासारखं काही नाही. उलट हवा कमी ठेवली की दुसरं पंक्चर ओढवून घेता. त्याबद्दल ताईंची ट्यूब आली की बोलू, मला संशय आहे.

---

चोवीस_इंची | बुधवार, सकाळी ७:४५

गणित तुमचं बरोबर असेल, पण मी मे महिन्यात गिरणीच्या सायकल स्टँडवर भर दुपारी फाड्दिशी टायर फुटताना कानानं ऐकलंय. एकदा नाही, चार-पाचदा.

---

ताशी_भाडं | बुधवार, दुपारी १:००

दोघंही बरोबर आहात, म्हणून मध्ये पडतो. आमच्या वडिलांचं सायकल मार्ट होतं, तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. माझं लहानपण घमेल्यातल्या काळ्या पाण्यात गेलं.

स्टँडवर फुटणारे टायर मीही पाहिलेत. फुटलेला टायर उचलून बघितला की दरवेळी कारण वेगळंच निघायचं. एक तर बाजूची कापडी वीण उसवून टायरला फुगा आलेला असायचा. किंवा टायरची कडेची तार रिममध्ये नीट बसलेली नसायची आणि ट्यूब तिथून डोकं बाहेर काढायची. असा टायर दोन-चार पौंड वाढायचीच वाट बघत असतो, ऊन फक्त निमित्त. धड टायर सोलापूरच्या उन्हानं फुटत नाही. आमच्या भाड्याच्या सायकली दिवसभर रस्त्यावर उन्हातच उभ्या असायच्या.

खरा धोका पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचा. तो मोटारीसाठी आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? बटण दाबून 'किती झाली' विचारेपर्यंत धडाम. तिथं भरायचीच असेल तर टुक-टुक करत, मध्ये मध्ये टायर बघत भरा.

---

कंबरतळं | बुधवार, दुपारी ४:२०

ट्यूबा तपासल्या. ही माझी साक्ष:

जुन्या ट्यूबला दोन ठिकाणी जखमा. एकावर ठिगळ आहे (पहिलं पंक्चर), ते वॉल्व्हपासून एक वीत आणि चार बोटं. दुसऱ्या ठिकाणी दोन बारीक चिरा, शेजारी शेजारी, बोटभर अंतरानं. ही दुकानदारानं जोडलीच नव्हती, इथंच म्हणाला ट्यूब बाद.

नव्या ट्यूबला एकच भोक, टाचणीएवढं. वॉल्व्हपासून एक वीत आणि चार बोटं!! दोन्ही ट्यूबांची एकल भोकं टायरच्या बाजूला.

अंगावर काटा आला हो.

---

७००बाय३२ | बुधवार, दुपारी ४:३५

अंगावर आलेला काटा टायरमध्ये आहे. :)

पहिलं आणि तिसरं पंक्चर एकाच चोराचं. तो अजून टायरमध्येच बसलाय. दुकानदारानं ठिगळ मारलं, ट्यूब बदलली, पण टायरच्या आत पाहिलं नाही. वॉल्व्हपासून दोन्ही दिशांना एक वीत चार बोटं मोजा, कारण ट्यूब कोणत्या तोंडानं घातली होती ते आता कळणार नाही. त्या दोन जागी टायर आतून-बाहेरून तपासा.

दुसरं पंक्चर म्हणजे दोन चिरा, तो कमी हवेचा प्रताप. हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर चाक आदळलं की ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाते, रिमच्या दोन कडा दोन चिरा पाडतात. साप चावल्यासारखं दिसतं. बहुधा त्या बारीक भोकातून हवा आधीच निम्मी गेली होती, आणि मुलीनं तशीच दामटली.

---

कंबरतळं | बुधवार, दुपारी ४:५०

विचारलं. "गतिरोधकावरून जरा धप्प आवाज आला होता" असं आता कबूल झालंय.

टायर आतून बोटानं चाचपला, काही लागत नाही. डोळ्यांनाही दिसत नाही.

---

मागवाला | बुधवार, संध्याकाळी ६:००

ताई, बोट नको, बोट फाटेल. आपल्याकडचा टॉवेल घ्या, फंद्यांचा, नवा असेल तर उत्तम. टायरच्या आतून दाबून गोल फिरवा. जिथं फंदा अडकून दोरा ओढला जाईल तिथं चोर. आमच्याकडं टॉवेलात गेलेला तारेचा तुकडा असाच शोधतात. सोलापुरात राहून टॉवेल कामाला नाही आला तर कधी येणार?

---

कंबरतळं | बुधवार, संध्याकाळी ७:१५

सापडलं!!! दुसऱ्या फेरीत टॉवेल अडकला. बाहेरून काही दिसत नव्हतं, टायर तिथं वाकवला तेव्हा खाचेत काळा ठिपका दिसला. आतून ढकलून बाहेरून चिमट्यानं ओढली. केसाहून जरा जाड तार, तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. एवढ्याशा वस्तूनं तीन आठवडे नाचवलं. फोटो टाकलाय. मागवाले दादा, ही तुमच्या यंत्रमागाची तर नाही ना? रस्त्यात गाळे लागतात.

---

मागवाला | बुधवार, संध्याकाळी ७:४०

आळ घेऊ नका. :) आमच्या फणीची तार चपटी असते, पट्टीसारखी. फोटोतली गोल आहे, टोकाला पिळलेली.

---

ताशी_भाडं | बुधवार, रात्री ८:१०

ट्रकच्या टायरमधली आहे. हायवेच्या कडेला फुटलेल्या टायरांची काळी सालं पडलेली असतात ना, त्यात अशा पोलादी तारा असतात. साल चिरडत जाते, तारा रस्त्यात पसरतात. विजापूर रोडला हायवेची वाहतूक, त्यामुळं तिथं हे चालायचंच. मुलीला सांगा, काळं साल दिसलं की चार हात लांबून. आणि अगदी पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून चालवू नको, सगळा कचरा वाऱ्यानं तिथंच गोळा होतो.

पंक्चरवाल्याला फार बोल लावू नका. एका पंक्चरला त्याला मिळतात किती, आणि रांगेत उभी असते मोटारसायकल. वडील मात्र चोर हाती लागल्याशिवाय टायर चढवू द्यायचे नाहीत. म्हणायचे, भाड्याची सायकल आहे, गिऱ्हाईक अर्ध्या वाटेवरून ढकलत आलं तर तासाचे पैसे देणार नाही.

---

कंबरतळं | बुधवार, रात्री ९:००

आता पंक्चर मीच काढणार. जोडायचा संच आणलाय. शिकवा. पाणी चार दिवसांआड येतं, त्यामुळं घमेलंभर पाण्याची चैन नको.

---

ताशी_भाडं | बुधवार, रात्री १०:४०

पाणी लागतच नाही. ट्यूब जरा फुगवा आणि ओठांजवळून फिरवत न्या, गार झुळूक लागते. तरी कळलं नाही तर ओल्या फडक्यानं पुसत जा, तिथं फेस येतो. सापडलं की पेननं मोठी फुली मारा, नुसता ठिपका नको, घासताना पुसून जातो आणि मग परत शोधाशोध.

हवा पूर्ण सोडा. पॉलिश पेपरनं ठिगळापेक्षा मोठी जागा घासा, चकाकी जाऊन राखाडी दिसली पाहिजे. ट्यूबवर साच्याची एक उभी रेघ असते. भोक तिच्यावर किंवा जवळ असेल तर रेघ घासून सपाट करा. ठिगळं उखडतात ती बरीचशी या रेघेमुळंच, तिच्या कडेनं हवा वाट काढते. घासलेल्या जागेला परत बोट लावायचं नाही, तोंडानं फुंकायचं नाही.

आता सोल्युशन. लोक इथं घाई करतात. ठिपकाभर घ्या, पातळ पसरा, आणि थांबा. चार-पाच मिनिटं. ओलं सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते सुकून हाताला चिकट लागेनासं झालं की मगच ठिगळ धरतं. वडील या वेळात विडी ओढायचे, विडी संपली की ठिगळ. (सोल्युशन पेट घेतं, त्यामुळं विडी लांब बसून. तेवढी अक्कल होती त्यांना.) ठिगळाची फॉइल काढा, मधून बाहेर दाबत चिकटवा, लाटण्यानं दाबलंत तरी चालेल. वरचा पातळ कागद ओढताना ठिगळाची कड उचलली तर तो राहू द्या, काही बिघडत नाही. वरून चिमूटभर टाल्कम पावडर, म्हणजे उन्हात ट्यूब टायरला चिकटून बसत नाही.

साप चावल्याच्या दोन चिरा एका लांब ठिगळात बसल्या तर ठीक, नाहीतर दोन वेगळी. दोन ठिगळं एकावर एक चढवू नका. आणि भोक वॉल्व्हच्या बुडाशी असेल तर नाद सोडा, ती ट्यूब खरंच बाद.

चढवताना ट्यूबमध्ये थोडी हवा असू द्या, ती गोल राहते, पीळ पडत नाही. सुरुवात वॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं करा आणि शेवट वॉल्व्हपाशी, म्हणजे टायर सैल मिळतो. शेवटचा तुकडा तळहातानं चढवायचा. स्क्रू ड्रायव्हर घातला की नवं पंक्चर तयार, ते मी डोळे झाकून लिहून देतो. शेवटी वॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढा आणि दोन्ही कडांनी बघत जा, कुठं ट्यूब टायरखाली दबलीय का. मग हवा.

---

बे_सोलापूरकर | गुरुवार, सकाळी ९:२०

एवढं सगळं करण्यापेक्षा ते ट्यूबमध्ये भरायचं हिरवं पाणी मिळतं ना, ते ओता की! माझ्या मित्रानं टाकलंय, सराटे खातंय ते.

---

७००बाय३२ | गुरुवार, सकाळी ९:५५

सीलंट. काट्याच्या बारीक भोकांना चांगलंय, पण आपल्या हवेत आतल्या आत वाळतं, काही महिन्यांनी परत घालावं लागतं. वॉल्व्हमध्येही साचतं. हवा भरताना वॉल्व्ह तळाला ठेवू नका, घड्याळात चार वाजता काटा असतो तिथं ठेवा, म्हणजे द्रव त्यात उतरत नाही. आणि एकदा ते भोकातून पाझरलं की ठिगळ धरायला त्रास देतं. चिरांना, फाटलेल्या वॉल्व्हला काही उपयोग नाही. मी ट्यूबवाल्या सायकलीत घालत नाही, माझं मत.

पण सराट्याचं नाव काढलंत ते बरं केलंत. मोकळ्या रानातून, कच्च्या वाटेनं जाणाऱ्यांचा खरा शत्रू तो. पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो, पिवळी फुलं येतात, तेव्हा कुणाला शंका येत नाही. पाऊस संपला की फळं वाळतात, फुटतात, आणि त्यातलं प्रत्येक बोंड कसंही पडलं तरी एक काटा वर. तोच आयुर्वेदातला गोक्षुर, दशमुळांतला एक. औषधी आहे म्हणून टायर त्याला माफ करत नाही. बाभळीचा काटा लांब, तो दिसतो तरी. सराट्याचा तुटून टायरमध्ये राहतो आणि चाकाच्या फेऱ्यांनी हळूहळू आत सरकतो, कधी दोन दिवसांनी पंक्चर करतो. म्हणून रानातून आलात की घरात शिरायच्या आधी दोन्ही चाकं फिरवून बघा, दिसेल तो टोकरून काढा. वाटेत चाक धड असताना रुतलेला मोठा काटा मात्र उपटू नका. बूच असतं ते. घरी या, मग काढा.

---

चोवीस_इंची | गुरुवार, सकाळी ११:००

आम्ही टायरच्या आत जुन्या टायरचा पट्टा घालायचो, तार कापून काढलेला. गेटर. बाभळीच्या रानातून ये-जा, सहा-सहा महिने पंक्चर नाही.

---

ताशी_भाडं | गुरुवार, सकाळी ११:३०

काका, गेटर आम्हीही घालत होतो. पण पट्ट्याच्या कडा तासून पातळ केल्या नाहीत तर त्याच कडा ट्यूब कातरतात. तयार पट्ट्या मिळतात त्यांचंही तेच, जोडाचं टोक ट्यूबला घासतं. शिवाय चाक जड होतं. टायरला मोठी चीर असेल तेव्हा तेवढ्यापुरता तुकडा, इतपत ठीक.

---

चोवीस_इंची | गुरुवार, सकाळी ११:४०

तासायचोच. वस्तऱ्यानं. आमच्या हाताखाली शिकला असतात तर कळलं असतं.

---

हिप्परग्याचा_वारा | गुरुवार, रात्री ९:१५

मध्येच विचारतो. माझ्या सायकलला बारीक वॉल्व्ह आहे. दुकानदार म्हणतो रिमचं भोक ड्रिलनं मोठं करून जाड वॉल्व्हची ट्यूब टाकू, सगळीकडं हवा मिळेल. करू का? आणि हल्ली वॉल्व्ह तिरका दिसतोय.

---

७००बाय३२ | गुरुवार, रात्री ९:४०

करू नका. बारीक वॉल्व्हला भोक साधारण साडेसहा मिलिमीटर, जाडाला साडेआठ. अरुंद रिममध्ये तेवढं भोक वाढवलं की रिम कमजोर होते, आणि केलेलं भोक परत लहान होत नाही. त्याऐवजी पितळी अडॅप्टर घ्या, बारीक वॉल्व्हवर फिरवून बसतो, मग कुठलाही पंप चालतो. किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा.

तिरका वॉल्व्ह म्हणजे हवा कमी ठेवून चालवताय. ब्रेक लागला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो, वॉल्व्ह बिचारा भोकात अडकलेला. असाच राहिला तर बुडाशी फाटेल, आणि त्याला ठिगळ नाही. हवा सोडा, टायर सरकवून वॉल्व्ह सरळ करा, परत भरा. रिमवरची गोल नट बोटानं टेकेल एवढीच.

---

चोवीस_इंची | शुक्रवार, सकाळी ६:३०

पंक्चरचा विषय आहे म्हणून एक सांगतो. एकदा अक्कलकोटहून येताना कुंभारीच्या अलीकडं ट्यूब फाटली. रात्र, दुकान नाही. शेतात कडब्याची गंजी होती. शेतकऱ्याला हाक मारली, त्यानंच दोन पेंढ्या दिल्या. पाला ओरबाडून, ओला करून टायरमध्ये गच्च कोंबला आणि टायर चढवला. गचके खात, खडखडत, घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी टायर उघडला तर आत सगळा भुसा. शेजारच्या गवळ्याची म्हैस वास घेत आली होती.

---

बे_सोलापूरकर | शुक्रवार, सकाळी ८:००

काका, सायकल की गोठा? :D

---

कंबरतळं | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:३०

खबर द्यायची राहिली होती. जुन्या ट्यूबच्या दोन्ही चिरा मीच जोडल्या. पहिलं ठिगळ दुसऱ्या दिवशी उखडलं, कारण घाई केली, चार मिनिटं म्हणजे किती हे घड्याळात बघितलंच नाही. दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबले, ते धरलं. ती ट्यूब आता दप्तरात जादाची म्हणून असते. टायर तोच आहे, बदलला नाही.

मापक असलेला पंप घेतला, रविवारी सकाळी ४० पौंड. आठवड्यात चार-पाच पौंड उतरते, तेवढं चालतं असं इथंच वाचलं. मामांची वॉलट्यूब ठणठणीत. लेक रोज आल्यावर चाक फिरवून बघते, केसांच्या पिनेनं खडे टोकरते. परवा एक सराटा निघाला, तो काचेच्या बाटलीत ठेवलाय, का ते विचारू नका.

आता एक नवीनच. टायर इतक्यांदा काढला-घातला की काय कोण जाणे, मागचं चाक फिरताना डुलतंय, एका जागी ब्रेकला घासतं. तारा आवळू का?

---

ताशी_भाडं | रविवार, सकाळी ११:०५

नको ताई! तारांना हात लावू नका. आउट (चाकाचं डुलणं) काढणं म्हणजे एक तार आवळली की समोरची सैल करायची, पाव-पाव फेरा, आणि कानानं ऐकत. चाक आधी काढून आणा, मी अशोक चौकात असतो संध्याकाळी. आणि त्याला वेगळा धागा काढा, हा काकांच्या कडब्यावर संपू दे.